तो साखर तोडतो, मी नाही

मी एक प्रथिन बोलतोय. बातमी आली तेव्हा मुलगी डबा उघडून बसली होती आणि मी फ्रीजरमध्ये, बोटभर नळीत, नेहमीसारखा गोठून पडलो होतो.

प्रयोग करणाऱ्या माई दारातूनच ओरडल्या, "अगं, तुझ्या बाबांचा तो लोह धरतो! साखरेला शिवतसुद्धा नाही!"

मुलीचा घास हातातच राहिला.

गॅलरीतल्या कुंडीच्या मातीत एक जिवाणू राहायचा, त्याच्या पोटी माझा जन्म. मुलीच्या बाबांनी मला शोधलं. माझं काम कुणालाच ठाऊक नव्हतं. माझा भाऊ मात्र नावाजलेला. तो साखर तोडतो. आम्ही दिसायला अगदी सारखे.

प्रथिनांची कामं ओळखणाऱ्या संगणकी पद्धतींची मुलगी परीक्षा घेते. काम माहीत नसलेली प्रथिनं द्यायची, सगळ्यांचे अंदाज कुलूपबंद करायचे आणि प्रयोगातून खरं उत्तर येईपर्यंत थांबायचं. मीही त्या प्रश्नपत्रिकेत होतो. झाडून सगळ्या पद्धतींनी, अगदी मुलीच्या स्वतःच्या लाडक्या पद्धतीनेही, ठोकून दिलं: हा साखर तोडतो.

"भावाकडे बघून लिहिलंय यांनी," बाबा म्हणाले. "याची पकडायची खाच बघ, तिच्यात साखर मावेल तरी का?"

"बाबा, लाड पुरे. त्या सगळ्या एकीकडे आणि तुम्ही एकटे एकीकडे!"

"मग लाव पैज. जिंकलो तर याचं नाव मी ठेवणार. तोवर राहू दे नुसता नंबर."

"आणि हरलात तर?"

"महिनाभर घरची भांडी मी घासेन."

"ती आताही तुम्हीच घासता!" माई हसल्या. त्या बाबांच्या जुन्या सहकारी. त्यांना सगळं ठाऊक.

थंडीत बाबा गेले. त्यांचा कोट अजून खुंटीवर आहे. माझा प्रयोग माईंनी पुढे चालवला.

आज मुलीने कुलूप उघडून माझ्या प्रश्नाचे गुण लावले. सगळ्यांना भोपळा. ती डोळे पुसत हसत सुटली. "माई, सगळे नापास! त्यात माझी पद्धत तर सगळ्यात ठामपणे चुकली!"

पुढच्या परीक्षेत ती माझ्यासारखे आणखी घेणार आहे, भावांसारखे दिसणारे पण कामं वेगळी असणारे. मला भारी आनंद झाला. मंडळी, नुसत्या चेहऱ्यावरून आम्हाला कामाला जुंपू नका, एवढंच मागणं आहे.

संध्याकाळी माई माझ्या नळीवर नवी चिठ्ठी लावायला बसल्या. "नाव काय लिहू गं?"

"त्यांनी सांगितलंच नव्हतं," मुलगी म्हणाली. "जिंकल्यावर सांगणार होते."

माईंनी जुनाच नंबर लिहिला. माझं नाव ठेवायचं राहिलं.