भिंती कोरड्या आहेत

"बँकेचे उंबरठे कशाला झिजवता? थोडे आत्ता द्या, उरलेले मला महिन्याच्या महिन्याला. हप्ता भाड्यातूनच निघेल," असं घर विकणारा माणूस आपणहून म्हणाला, तेव्हाच चष्मेवाल्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. विकणारे दातांचे डॉक्टर होते. गोड बोलता बोलता दाढ हातात काढून देणारे.

दोन मजली घर, चार भाडेकरू, किंमत वाजवी. बँकेने चष्मेवाल्याला आधीच वाटेला लावलं होतं, कारण चष्म्याच्या दुकानाची कमाई एका महिन्यात चढायची आणि पुढच्या महिन्यात बसायची. नवरा-बायकोची सगळी पुंजी एकदाच लावता येणार होती. बुडाली तर दुसरी नव्हती.

"कुठेतरी पाणी मुरतंय," तो बायकोला म्हणाला.

"मग भिंती ठोकून ये. लग्नाआधी माझेसुद्धा डोळे तपासून घेतले होतेस तू."

त्याने ठोकल्या. कोरड्या ठणठणीत. नळ नवे, वायरी नव्या, गच्ची गळत नव्हती. घरावर कर्ज नव्हतं. एक हप्ता चुकला की करार रद्द आणि भरलेले पैसे गेले, असं एक कलम होतं. पण वकील म्हणाला, असं लिहितातच, तुम्ही चुकवू नका म्हणजे झालं. खोट सापडली असती तर चष्मेवाला निवांत झोपला असता. सापडली नाही, म्हणून झोप उडाली.

शेवटी तो तळमजल्यावरच्या भाडेकरू मावशींकडे गेला. त्या कपडे शिवत होत्या.

"डॉक्टरांनी घर छान राखलंय हो," त्याने सहज खडा टाकला.

मावशींनी दाताने दोरा तोडला. "डॉक्टरांनी? त्यांनी खिळा ठोकला नाही कधी. गच्ची त्या बेकरीवाल्या मालकांनी केली. नळ गाण्याच्या क्लासवाल्या मालकीणबाईंनी. वायरी त्यांच्यानंतरच्या मालकांनी."

"इतके मालक?"

"कागदावर कुठे? हप्ते फिटेपर्यंत घर डॉक्टरांच्याच नावावर. लोक हौसेने येतात, एक मोठं काम काढतात, त्यात हात रिकामे होतात. मग एखादा हप्ता हुकतो आणि डॉक्टर घर परत घेतात." मावशींनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "आता जिना तेवढा राहिलाय. तुम्ही कराल असं वाटलंच मला."

चष्मेवाल्याला आता उलगडलं. तो इतके दिवस घर पारखत होता आणि डॉक्टर त्याला पारखत होते. बँकेला जो नको होता, तो त्यांना नेमका हवा होता.

सहीच्या दिवशी दवाखान्यात तो म्हणाला, "डॉक्टर, एक ओळ बदलू. हप्ता चुकला तर सहा महिने मुदत. तरी नाही जमलं तर घर तुमचं, पण भरलेले पैसे आमचे."

"विश्वास नसेल तर व्यवहार कशाला करायचा?"

"विश्वास आहे ना," बायको म्हणाली. "तेवढा लिहून द्या."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "दुसरं गिऱ्हाईक बाहेर बसलंय माझं."

बाहेर खरंच एक जोडपं होतं. दोघांत मिळून एक फाइल, आणि ती दोघांनीही धरलेली. चष्मेवाल्याला राहवेना. "सही करण्याआधी तळमजल्यावरच्या मावशींना भेटा. आधीचे मालक कुठे गेले ते विचारा."

त्या माणसाने फाइल आणखी जवळ ओढली. "तुम्हालाही हेच घर हवं होतं ना?"

"हो."

"म्हणजे आमचं फिसकटलं की तुम्ही परत येणार."

त्याच्या जागी चष्मेवाला असता तर त्यानेही हेच म्हटलं असतं.

"येणार की," चष्मेवाल्याची बायको म्हणाली. "डॉक्टरांनी एक ओळ बदलली तर आत्ता, याच पावली येऊ. नाही बदलली तर फुकट दिलं तरी नको."

माणूस तिच्याकडे बघत राहिला. तेवढ्यात आतून डॉक्टरांचा आवाज आला, "या, या, बसा."

त्या माणसाची बायको उठली. त्याने तिचा हात धरून तिला पुन्हा खाली बसवलं आणि आतल्या दिशेने म्हणाला, "डॉक्टर, आम्ही जरा घर परत एकदा बघून येतो."