उकंडरावाचा कॉर्नर

उकंडरावाने चहाची बशी इतक्या जोरात आपटली की तिचे दोन तुकडे झाले, आणि तरी त्याचं समाधान झालं नाही.

"निवृत्तीले काढा म्हन्तो मी! दोन्ही गोल त्याच्या डोक्यावरून गेले. गोलकी आहे का बुजगावनं?"

जानेफळात भगवानरावाच्या हॉटेलात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. आदल्या दिवशी गावच्या फुटबॉल संघाचा मेहकरशी झालेला सामना दोन-दोन असा बरोबरीत सुटला होता. तहसीलदारसाहेबांच्या कपाचा शेवटचा सामना, तो आता येत्या रविवारी पुन्हा खेळायचा होता. जानेफळचे दोन्ही गोल घाम गाळून झालेले. मेहकरचे दोन्ही कॉर्नरवरचे, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून उंच मारलेल्या चेंडूवर फुकटात गेलेले. फुकटात गेलेली गोष्ट वऱ्हाडी माणसाला पचत नाही. रात्रभर गाव कुढलं होतं आणि आता हॉटेलात एकमेकांवर ओरडत होतं.

किसनरावाचं म्हणणं, दोन बॅक पुरत नाहीत, कॉर्नर आला की पुढचे दोघे मागे ओढा. कोणी म्हणे डावीकडचा हाफ बदला, तो पळत नाही, फेरफटका मारतो. उकंडरावाचं एकच पालुपद, गोलकी काढा.

भगवानराव हॉटेल चालवायचा आणि संघही तोच निवडायचा. त्याने बशीचे तुकडे उचलले आणि शांतपणे विचारलं, "गोलकीच्या पुढं कोन उभं होतं, उकंडराव?"

"मले काय इचारतं?"

"तुहा इंद्रभान उभा होता. गावात त्याच्याएवढा उंच गडी नाई. चेंडू सरका त्याच्या कपाळावर येऊन राह्यला होता. अन् त्यानं काय केलं? मुंडकं खाली घातलं. दोन्ही खेपेले."

 हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, फक्त कोणी तोंड उघडत नव्हतं.

दोन वर्षांमागे खामगावाहून गावात पहिला फुटबॉल आला, तेव्हा मारुतीच्या पारासमोर इंद्रभानने तो डोक्याने उडवून दाखवला होता. उकंडरावाने पोराला कान धरून विहिरीवर नेलं, डोक्यावर पाणी ओतलं आणि अख्ख्या गावासमोर बजावलं, "पायानं तुडवायचं तेवढं तुडव. कोन्या जनावराचं चामडं हाय, कोनाले ठाव? डोक्याले लागलं तं माह्या घराची पायरी चढू नको." इंद्रभानने आईच्या गळ्याची शपथ घेतली आणि पाळली. तेव्हा उकंडरावाला त्याचा केवढा अभिमान वाटला होता. कॉर्नर म्हणजे काय हे तेव्हा गावात कोणालाच माहीत नव्हतं.

"चामड्याच्या मोटेचं पानी तुह्या वांग्याले चालते," भगवानराव म्हणाला, "तुह्या पोटाले चालते. मोट काय रेशमाची आहे?"

"मोट मी डोक्यावर घेतो का बे?" उकंडराव उठून उभा राहिला. त्याचे कान तापले होते. भगवानराव खरं बोलतोय हे त्याला कळत होतं, आणि म्हणूनच त्याच्या अंगाची लाही होत होती. गावासमोर बोललेला शब्द गावासमोर मागे घ्यायचा, म्हणजे थुंकलेलं चाटायचं. त्यापेक्षा तो ओरडला, "आयकून घ्या सारे! निवृत्ती खेळला तं माह्या गाड्या मेहकरले जानार नाईत. माहा भाचा रामा उभा राहीन गोलमंदी."

संघ मेहकरला जायचा तो उकंडरावाच्याच बैलगाड्यांतून. भगवानरावाने दात खाल्ले आणि निवृत्तीच्या जागी रामाचं नाव घातलं.

निवृत्ती दाराशीच बसला होता. बावीस-तेवीस वर्षांचा, रुंद पंजांचा गडी. त्याने चहा तसाच ठेवला आणि उठून निघून गेला.

घरी जेवताना इंद्रभान म्हणाला, "आबा, निवृत्तीची काई चुकी नोती."

"तू मले शिकवू नको."

"मंग मले मोकळं करा. येक शब्द बोला फक्त."

"माहा शब्द म्हन्जे काय चिंधी हाय, आज फाडली अन् उद्या फेकली?"

"पोराले मान खाली घालाले तुमीच लावलं," त्याची आई सुभद्राबाई चुलीपाशून म्हणाली, "अन् शिव्या दुसऱ्याच्या पोराले देऊन राह्यले. शपत माह्या गळ्याची हाय ना? मी म्हन्तो, सुटली."

"तू चूप बस!" उकंडराव ताटावरून उठला. 

रविवारी मेहकरच्या मैदानाभोवती माणसांची दाटी झाली. पंच होते नागपूरहून बदलून आलेले ड्रिल मास्तर, करड्या आवाजाचे. उकंडराव पांढरा फेटा बांधून जानेफळच्या गोलच्या मागे, दोरीला लागून उभा राहिला. थोड्या वेळाने शेजारी कोणीतरी येऊन उभं राहिलं. पाहिलं तर निवृत्ती. तो रात्रीच पायी निघून आला होता.

दोघांपैकी एकानेही रामराम केला नाही.

अर्धा खेळ सरत आला तरी कोणाचाच गोल नव्हता. मग मेहकरला पहिला कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला, इंद्रभानने मान खाली घातली, आणि मेहकरच्या गड्याने मोकळ्यावर डोकं मारलं. थोडक्यात चेंडू खांबाबाहेरून गेला. रामा जागचा हलला नव्हता.

"काका," निवृत्ती दात आवळून म्हणाला, "मले काढलं ते काढलं. आता तरी पोराले सांगा. डोकं मार म्हना."

"तू तुहं पाह्य."

"माहं तं तुमीच पाह्यलं! माहं काई राह्यलं का आता? त्याच्याकडं पाहा जरा. तो चेंडूकडं नाई पाहून राह्यला, तुमच्याकडं पाहून राह्यला!"

उकंडरावाने पाहिलं. खरंच. दुसरा कॉर्नर मिळाला होता, मेहकरचा गडी कोपऱ्यात चेंडू ठेवत होता, आणि इंद्रभान गोलच्या तोंडाशी उभा राहून मागे वळून बापाकडे बघत होता. घामाने भिजलेला, रडकुंडीला आलेला, एवढा थोरला गडी. उकंडरावाने तोंड उघडलं. हजार माणसं भोवती होती. त्याने नुसतीच दोरी मुठीत आवळली, आणि त्याला स्वतःचा असा संताप आला की डोळ्यांपुढे अंधारी आली.

चेंडू उडाला. इंद्रभानची मान खाली जायला लागली.

पुढचं उकंडरावाने ठरवून केलं नाही. तो दोरीखालून घुसला, धोतर सावरत दोन उड्यांत गोलमध्ये पोचला, आणि पोराच्या डोक्यावरून आत येणारा तो चेंडू त्याने कपाळाने बाहेर हाणला. फेटा एकीकडे उडाला आणि उकंडराव दुसरीकडे आपटला.

 मग शिट्टी वाजली, मेहकरवाले अंगावर धावून आले, आणि ड्रिल मास्तर गरजले, "या माणसाला बाहेर काढा, नाहीतर कप मेहकरला देऊन टाकतो!"

दोन शिपायांनी त्याला दंडाला धरून उचललं. कपाळावर चेंडूच्या शिवणीचा लाल वळ उठला होता. जाता जाता तो पोरावर ओरडला, "पाह्यलं का? मेलो का मी? लागलं चामडं डोक्याले! आता घराची पायरी मी बी चढनार नाई का? मार बे, डोकं मार!"

त्याला मैदानाबाहेर, गाड्या सोडल्या होत्या तिथे लिंबाखाली बसवलं. तिथून खेळ दिसत नव्हता, फक्त लोकांच्या पाठी दिसत होत्या. बऱ्याच वेळाने गलका झाला आणि त्यात 'इंद्रभान, इंद्रभान' असं ऐकू आलं. तो ताडकन उभा राहिला. मग आणखी एक गलका झाला, पहिल्याहून मोठा. मग लांब शिट्टी.

निवृत्ती गर्दीतून बाहेर आला. त्याच्या हातात उकंडरावाचा धुळीने माखलेला फेटा होता.

"कॉर्नर?" उकंडरावाने विचारलं.

"आखीन दोन झाले. दोन्ही इंद्रभाननं डोक्यानं काढले. अशे काढले का मेहकरवाल्यायनं बी टाळ्या वाजवल्या."

"मंग? जितलो?"

निवृत्तीने फेटा झटकला. "नाई. शेवटी येक चेंडू जमिनीवरून हळूहळू घरंगळत आला. ल्हान्या पोरानं बी धरला असता. रामाच्या दोन्ही पायातून गेला."

उकंडरावाने सवयीने शिवी द्यायला तोंड उघडलं. रामाला द्यावी, तर त्याला उभं कोणी केलं होतं? तोंड तसंच मिटलं. निवृत्ती फेटा पुढे करून उभा होता, आणि त्याच्या त्या रुंद पंजांकडे उकंडरावाला बघवत नव्हतं.