एकोणतीस तारखेचा नवरा

मुंजाजी रेल्वेत गँगमन. चुडावा स्टेशनाच्या अलीकडे-पलीकडे रूळ तपासत एकटा हिंडायचा, वाटेत साप आडवा आला तर त्यालाच बाजूला व्हायला सांगायचा. तंबूतल्या सिनेमात भूत आलं की बाकीचे बाप्ये शेजाऱ्याचा हात धरायचे. हा शेंगा सोलत बसायचा. पण चार माणसं आपल्याकडं तोंड करून बसली की या वाघाची शेळी व्हायची.

लग्नात तेच झालं. आपल्या बौद्ध समाजात मुहूर्त बघायचा नाही, म्हणून सगळ्यांच्या सोयीनं बाहत्तर सालच्या एकोणतीस फेब्रुवारीला बार उडवला. जेवणाच्या पंगतीत पालमच्या, म्हणजे नवरीकडच्या बायकांनी नवरदेवाला नाव घ्यायला उभं केलं. पाणी पिऊन झालं, खोकून झालं, शेवटी तो म्हणाला, "लग्नाच्या वाढदिवसाला घेतो."

बायका हसल्या. सत्यशीला, म्हणजे नवरी, हसली नाही.

त्र्याहत्तरचा फेब्रुवारी अठ्ठावीसला संपला. "तारीखच आली न्हाई, मी काय करू?" मुंजाजी म्हणाला. शाळेतल्या बन्सीधर गुरुजींनी त्याला समजावलं की पृथ्वीला सूर्याभोवती फिरताना दर वर्षी सहा तास जास्तीचे लागतात, ते साठवून चौथ्या वर्षी एक दिवस देतात. एवढी मोठी पृथ्वी आपल्या बाजूनं आहे हे ऐकून मुंजाजीला भरून आलं. चौऱ्याहत्तर, पंचाहत्तरही त्यानं असेच ढकलले.

सत्यशीला मात्र माहेरी गेली की मावशा विचारायच्या, "काय गं, जावयाला तुझं नाव घ्यायला लाज वाटती का?" पहिल्या वर्षी तिनं ते हसण्यावारी नेलं. मग तिला ते खरंच वाटायला लागलं. शहात्तर उजाडलं आणि एका रात्री तिनं भाकरीचं ताट त्याच्यापुढं आदळलं आणि म्हणाली, "औंदा तारीख हाय. न्हाई घेतलं तर मी पालमला जाते, माघारी येनार न्हाई." सत्यशीला थट्टा करणारी बाई नव्हती.

एकोणतीस फेब्रुवारीला, रविवारी, विहारासमोर पालमहून निम्मं गाव आलं. सासू कडूबाई पुढच्या रांगेत ठाण मांडून बसली, शेजारी तिची बहीण तानुबाई. मुंजाजीनं पंधरा दिवस म्हशीसमोर उखाणा घोकला होता. म्हशीनं कधी तक्रार केली नव्हती. तो उभा राहिला, माणसांची तोंडं बघितली आणि उखाणा गेला तो गेलाच.

लोक थांबले. कुणीतरी शिट्टी मारली. सत्यशीला चप्पल शोधायला लागली.

"मंडळी," मुंजाजी कसाबसा म्हणाला, "मला तुमची लय भीती वाटती."

हशा पिकला.

"हसा. सापाची न्हाई वाटत, मालगाडीची न्हाई वाटत. सासूबाईची वाटती, पर आता सवय झाली."

कडूबाई तोंडाला पदर लावून गदगदा हलली.

"उखाना पाठ होता, तुमाला बघून पळाला. चार वर्सं मी तारखेच्या मागं लपून बसलो. भेकड हाय मी. पर हिला वाटायलंय, मला हिच्या नावाची लाज वाटती. ते खोटं हाय. रुळावर एकला आसलो की मी रोज घेतो. सत्यशीला. पुलावर घेतो, सिग्नलपाशी घेतो. सत्यशीला. तिथं कुनी बघत नसतंय."

आता हसत कोणी नव्हतं. तेवढ्यात तानुबाई म्हणाली, "ह्यात यमक कुठाय? हे धरायचं न्हाई, जावईबापू!"

"तू गप गं, मावशे!" सत्यशीला ओरडली. चप्पल तिच्या हातातच राहिली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं. ती नवऱ्याला म्हणाली, "परत घ्या. मागच्या बायांना ऐकू आलं न्हाई."