बत्तीस खुर्च्यांची खोली

मला मोठं स्टेज आवडत नाही, असं मी कुणीही विचारलं की सांगतो. न विचारता पण सांगतो. यातलं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की मोठ्या स्टेजवाल्यांनी मला दुसऱ्यांदा कधी बोलावलंच नाही.

तळेगावला एका मैदानावर हजारभर लोकांपुढे मी माझी स्वतःची गाणी म्हणायला उभा राहिलो होतो. समोर नुसता अंधार, आणि त्या अंधारातून एकच आरोळी, "डीजे लावा!" तिसऱ्या गाण्यानंतर संयोजकाने माझ्या पाठीवर प्रेमाने हात ठेवला आणि प्रेमानेच मला खाली उतरवलं. तेव्हा ठरवलं, गायचं तर माणसांची तोंडं दिसतील अशा जागी.

ती जागा मला इकबालभाईंनी दिली. लोणावळ्यात त्यांचं चिक्कीचं दुकान आहे. वर गुळाच्या ढेपा ठेवायची खोली होती, ती रिकामी करून त्यांनी बत्तीस खुर्च्या मांडल्या. महिन्यातून एका रविवारी सकाळी अकराला कार्यक्रम. माइक नाही. फोन दाराशी टोपलीत. आणि दिवे चालू. इकबालभाई म्हणायचे, "गाणाऱ्याला ऐकणारा दिसला पाहिजे, नाहीतर तो खोटं गायला लागतो." हे वाक्य मी पुढे दोन मुलाखतींत माझं म्हणून वापरलं.

पण त्या खोलीवर माझा जीव होता, हे मात्र कुणी खोटं म्हणू नये. चौथ्या रांगेतल्या माणसाचा पाय ठेका धरताना दिसायचा. एखादा शब्द विसरलो तर कुणीतरी खुर्चीतून हळूच पुरवायचं. आणि गाणं संपल्यावर टाळ्या पडायच्या आधी दोन सेकंद कुणीच हलायचं नाही. त्या दोन सेकंदांसाठी मी महिनाभर कंपनीत पार्ट तपासत बसायचो.

सगळ्यात जास्त मागणी एका गाण्याला होती. एक मुलगी निघून जाते आणि तिचा पेला घरात तसाच राहतो, असं गाणं. त्याचं ध्रुवपद असं:

पालथा गं तुझा पेला, मांडणीला पयला
समद्यांचं पानी झालं, तुझा भरायचा ऱ्हायला

पुण्याहून गाडी काढून येणारी माणसं या दोन ओळींना डोळे मिटायची. "मातीचा वास आहे हो," असं एक बाई दर वेळी म्हणायच्या. बाकी सगळं गाणं माझं होतं. या दोन ओळी तेवढ्या माझ्या नव्हत्या.

त्या माझ्या चुलतीच्या, शालूकाकूच्या होत्या. परंदवडीला तिच्या मुलाच्या, अमृतच्या लग्नात हळद दळायला बायका बसल्या होत्या. हळद झाली, बायका चहाला उठल्या. काकू एकटीच जात्याशी राहिली, त्याच्या कडेला उरलेली हळद गोळा करत, आणि स्वतःशीच ओवी म्हणायला लागली. तिची मुलगी अपेक्षा अकराव्या वर्षी तापाने गेली, चार दिवसांत. घरात लग्न उभं राहिलं आणि पोरीची करवली व्हायची हौस राहून गेली, तरी काकू रडत नव्हती, दळताना म्हणावं तसं म्हणत होती. मी दाराआडून फोन सुरू केला. काकूने मला पाहिलं आणि पदराने तोंड पुसून हसली. "कुटलं काय भरून घेतुयास?" एवढंच म्हणाली. घेऊ नकोस असं काही म्हणाली नाही, हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं.

आमच्याकडे ओवी कुणाच्या मालकीची नसते. एकीने म्हटली की दुसरी उचलते, त्यात आपल्या भावाचं नाव घालते, पुढे चालू. पण उचलताना ती समोर बसून म्हणते. जिची आहे तिला ऐकू जातं. दुसरी बाई जात्याला हात लावते तो पहिलीच्या हातावरच. मी तसलं काहीच केलं नाही. मी ओवी उचलली, पोरीची आई काढून टाकली आणि तिथे एक प्रियकर बसवला.

पहिल्यांदा गायलो तेव्हाच एकाने विचारलं, "या ओळी कुठून आल्या?" मी 'काकू' म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात मनात आलं, आता म्हणतील, मग काकूंनाच आणा की पुढच्या वेळी. आणि मी म्हणालो, "बेगडेवाडीच्या फलाटावर. लोकल चुकली होती. चहाच्या टपरीवर एक पेला पालथा ठेवलेला दिसला." लोक खूश झाले. पुढे त्या गोष्टीत मी पाऊस घातला, टपरीवाला घातला, हळूहळू सुटत जाणारी लोकल घातली. गाण्याइतकीच गोष्टीलाही मागणी येऊ लागली.

मार्चमधल्या रविवारी मी तारा जुळवून मान वर केली, तर पहिल्या रांगेत शालूकाकू. नऊवारी, पायाशी पिशवी, हात मांडीवर. शेजारी कोमल, अमृतची बायको. "भाऊजी, मुद्दामच सांगितलं न्हाई," ती आनंदाने म्हणाली. "आत्या म्हनत व्हत्या, आदिनाथ गातुय तरी काय, एकदा बगू."

माझ्या गुडघ्यापासून काकूचा गुडघा दीड हातावर होता. मैदानावर असती तर त्या हजारांत हरवली असती, आणि मी तिला घरी जाऊन म्हणालो असतो, अगं, आलीस का तू, दिसलीच नाहीस. इथे दिवे चालू होते.

मी ते गाणं यादीतून काढलं. एकामागून एक सहा गाणी म्हटली आणि 'धन्यवाद' म्हणालो. मातीच्या वासाच्या बाई हसल्या. "असं कसं? पेला राहिला की! आणि ती बेगडेवाडीची गोष्ट सांगा आधी, माझ्या बहिणीला ऐकायचीय."

अजून वेळ होती. 'या ओळी हिच्या आहेत', चार शब्द. तिच्याकडे नुसता हात केला असता तरी चाललं असतं. पण खोलीतली माणसं गेलं वर्षभर ज्या गोष्टीवर भाळली होती, ती खोटी आहे हे मला त्यांच्या तोंडावर, त्यांची तोंडं बघत सांगावं लागलं असतं. मला ते जमलं नाही. मी बेगडेवाडीची गोष्ट सांगितली. पावसासकट.

काकू लक्ष देऊन ऐकत होती. मग मी गायलो. "पालथा गं तुझा पेला" आलं आणि तिचे ओठ हलले, सवयीने, पुढचा शब्द घ्यायला. मग थांबले. दुसऱ्या ओळीला ती माझ्याकडे बघत नव्हती, गिटारवरच्या माझ्या बोटांकडे बघत होती. कोमल तिच्याकडे बघत होती. कोमलने ती ओवी घरात ऐकली असणार, हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं.

गाणं संपलं. ते दोन सेकंद आले, आणि मला ते कधी नव्हे इतके लांब वाटले.

टाळ्या झाल्यावर इकबालभाई पुढे आले. भला माणूस. "आज आदिनाथच्या काकू आल्यात," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "मावशी, तुमच्या पिढीला तर गाणं घरचंच. एखादी ओवी म्हणा ना आमच्यासाठी." बत्तीस खुर्च्या तिच्याकडे वळल्या. "म्हणा ना मावशी, म्हणा."

काकूने पिशवी उचलून मांडीवर घेतली. माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर मी काहीतरी उत्तर शोधलं असतं. ती वाट बघत होती. मी काय म्हणतो याची ती वाट बघत होती, आणि कोमलही.

मी खाली वाकून न उतरलेली तार पिळत बसलो.

"मला न्हाई येत," काकू म्हणाली. मग सगळ्यांकडे बघून समजूत घातल्यासारखं म्हणाली, "एकच येत व्हती. ती आता ह्याची हाय."

लोकांना वाटलं, बाईने पुतण्याचं कौतुक केलं. कुणीतरी "वा!" म्हणालं. कोमलने मान खाली घातली. आणखी कुणी काही विचारायच्या आत टाळ्या वाजायला हव्या होत्या. पहिली टाळी मी वाजवली.