पुंजारामचा जानवसा

रामप्रसाद आपल्याच घराच्या पायरीवर बूट काढायला जागा शोधत होता. जागा नव्हती. चपला, सँडल, नव्याकोऱ्या मोजड्या, बायकांच्या खड्यांच्या सपाता यांचा पायरीवर नुसता खच पडला होता. शेवटी त्यानं बूट काढून हातात धरले आणि मोज्यांवरच आत गेला.

दार सताड उघडं होतं. नैरोबीहून निघाल्यापासून जपलेली चावी खिशात उगीच टोचत होती. हॉलभर मंडपवाल्याच्या गाद्या अंथरल्या होत्या आणि त्यावर अनोळखी माणसं ऐसपैस पसरली होती. कुणी दाढी करत होतं, कुणी भांगाला पाणी लावत होतं, एका कोपऱ्यात फेटे बांधणं चाललं होतं. हा हॉल बांधताना त्यानं बायकोला मोठ्या हौसेनं सांगितलं होतं की इथं शंभर माणूस मावेल. तो आज खरंच मावत होता.

"या, या. तुमचीच वाट पाहून राह्यलो," गुलाबी फेट्यातले एक जाडजूड गृहस्थ उठून आले. "मी कचरू. नवरदेवाचा मामा, धावड्याचा. तुम्ही नवरीकडले ना?"

रामप्रसादनं तोंड उघडायच्या आत मामांनी त्याचा दंड धरला आणि त्याला थेट न्हाणीघराशी नेऊन उभं केलं.

"हे बघा. गिझर चालू होईना. ह्या थंडीत पाव्हण्याला गार पाण्यानं आंघोळ घालता का तुम्ही? बाया कवाच्या ओरडून राह्यल्या."

गिझरचं मुख्य बटण बोळीतल्या दाराआड होतं. नातवंडांचा हात पोचू नये म्हणून त्यानं मुद्दाम तिथं बसवून घेतलं होतं. नातवंडं या घरात कधी आली नाहीत ती गोष्ट वेगळी. त्यानं दार ओढून बटण दाबलं, लाल दिवा लागला.

"वा," मामा खूश झाले. "बराबर माहीत हाय तुम्हाला. घरातलेच असल्यागत."

"कुणाचं घर आहे हे?" रामप्रसादनं विचारलं. का विचारलं, ते त्याला स्वतःलाच कळलं नाही.

"सगळे पुंजारामचा जानवसा म्हणतेत. मालक कोणी फॉरेनला असतो म्हणे. बांधलं अन् गेला. पण पुंजाराम लई मोठ्या मनाचा माणूस. हसनाबादमंदी कोणाचं बी लग्न असो, वऱ्हाड इथंच उतरतं. कोणाला न्हाई म्हणत न्हाई."

दुसऱ्याच्या घरावर मन मोठं करायला फारसा खर्च येत नाही, असं रामप्रसादच्या जिभेवर आलं होतं. ते त्यानं गिळलं. राग मामांवर नव्हता.

जालन्यातल्या एका बियाण्यांच्या कंपनीतून तो नैरोबीला गेला, त्याला आता निम्मं आयुष्य झालं होतं. नोकरी संपली होती. बायको तिथं लेकीपाशी रमली होती आणि तिनं साफ सांगितलं होतं, तुम्हाला जायचं तर जा, मला तिथं कुणी ओळखत नाही. त्यानं हसून उत्तर दिलं होतं, मला ओळखतात. मनात त्याच्या एकच माणूस होता. पुंजाराम. एका ताटात जेवलेला, एका मास्तरचा मार खाल्लेला, घराची दुसरी चावी सांभाळणारा. येतोय म्हणून त्याला कळवलं नाही ते मुद्दामच. दारात अवचित उभं राहायचं, कायमचा आलोय म्हणायचं, आणि पुंजारामनं पाठीत धपाटा घालून 'ये' म्हणायचं. एवढ्या एका शब्दावर त्यानं तिकडचं सगळं आवरलं होतं.

पुंजाराम आला तो चहाची मोठी किटली घेऊन. अंगात नवा नेहरू शर्ट, कपाळावर हळद. रामप्रसादला पाहून त्याचा चेहरा आधी उजळला आणि लगेच उतरला. किटली त्यानं कुणाच्या तरी हातात दिली आणि रामप्रसादला जिन्यानं गच्चीवर नेलं.

"राम्या, फोन तरी करायचा."

"तू केलास? लग्न कुणाचं आहे?"

पुंजारामनं खाली बघितलं. "पायलचं."

रामप्रसाद कठड्याला टेकला. पुंजारामच्या या लेकीच्या बारशाला तो सुट्टी काढून आला होता. तिचं नाव ठेवताना पाळण्याची एक दोरी त्याच्या हातात होती.

"मला बोलावलं नाहीस, पुंज्या."

"असं कसं? अक्षत ठेवली ना. मारुतीला पहिली, अन् दुसरी तुझ्या उंबऱ्यावर. कोणालाबी इचार."

"उंबरा मला नैरोबीला येऊन सांगणार होता?"

"तसं न्हाई रे. गावातलं एक बी दार सोडायचं न्हाई, ही रीत हाय. तुझं दार हाय, ठेवली." पुंजाराम अडखळला. "अन् फोन केला असता, तर तू आला असता का? खरं सांग. तुझी माय गेली तवा आला न्हाई. भावाच्या तेराव्याला बी न्हाई. दर वेळी 'बघतो' म्हणला. मंग माणूस इचारायचं सोडून देतो."

हे बोलणं खरं होतं, म्हणूनच ते झोंबलं. रामप्रसादनं विषय घरावर नेला.

"निदान घर देताना तरी विचारायचं होतंस."

"पहिल्या लग्नाला इचारलं होतं की. तू म्हणला, तुला पटंल ते कर, मला विचारत बसू नको."

म्हणाला होता. कुठल्याशा मीटिंगमधून बाहेर येऊन घाईघाईत म्हणाला होता, आणि आपण किती दिलदार आहोत याचं त्या दिवशी त्याला स्वतःलाच कौतुक वाटलं होतं.

"बंद घराला वाळवी खाती," पुंजाराम समजुतीच्या सुरात म्हणाला. "दर लग्नाला झाडून-पुसून होतं, भिंतीला रंग लागतो, मोटर चालू राहती. ह्या घरानं गावाचं नाक वर ठेवलं, राम्या. मोठमोठे पाव्हणे येऊन नाव काढतेत."

कुणाचं नाव काढतात, ते रामप्रसादनं मघाशीच ऐकलं होतं.

"पुंज्या, मी राहायला आलोय," तो म्हणाला. "आता परत जायचं नाही. इथंच राहायचं, ह्या घरात. तुझ्या भरवशावर आलोय."

इतकं उघड तो आयुष्यात कुणाशी बोलला नव्हता. पुंजारामनं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा उगाच चाचपला. वऱ्हाडाच्या वाळत घातलेल्या टॉवेलांकडे तो बघत राहिला.

"कवापासून?"

"आजपासून."

"आज तर वऱ्हाड हाय. अन् पुढल्या महिन्यात सोनूबाईच्या नातीचं लग्न हाय. तिच्या मागून तातेराव गुरुजीच्या पोरीचं. जबान देऊन बसलो ना मी."

"माझ्या घराची?"

"तुझ्याच. मी कुठं माझं म्हणलं?" पुंजारामचा आवाज चढला आणि मग तो स्वतःच ओशाळला. "तसं न्हाई म्हणत मी. तू माझ्याकडं राह. तिथं बी एक खोली हाय. मंग बघू, उन्हाळा झाल्यावर."

खालून हाक आली, "पुंजारामभाऊ, जल्दी या, नवरदेव निघून राह्यला." पुंजाराम सुटल्यासारखा जिना उतरला. अर्ध्या जिन्यातून त्यानं वळून सांगितलं, "जेवून घे. निवांत बोलू." बाकी सगळं तो बोलला होता. 'ये' तेवढं म्हणाला नव्हता.

लग्न शाळेच्या मैदानात लागलं. रामप्रसादनं अक्षता टाकल्या. गोजरबाईनं, पुंजारामच्या बायकोनं, त्याला गर्दीतून हेरलं आणि डोक्यावरचा पदर सावरत जवळ आली.

"भावजी, कवा आले? बरं झालं, पोरीच्या नशिबानं आले. किती दिवस हायेत?"

"आलोय मी, वहिनी. आता इथंच."

"हाव, हाव," ती हसून म्हणाली, "पण जाणार कवा?" आणि उत्तराला न थांबता ती विहिणीकडे धावली. लेकीचं लग्न होतं, तिला दम खायला वेळ कुठला.

पंगती बसल्या. आधी वरपक्षाची, ही तर सगळीकडचीच रीत. रामप्रसादला उभं राहवेना. आपण नवरीकडचे आहोत, हे दाखवायला मनुष्यानं काय करायचं असतं ते त्याला अजून आठवत होतं. त्यानं कोटाच्या बाह्या मागे सारल्या आणि वरणाची बादली उचलली. दोन पानांवर वाढलंही. तिसऱ्या पानाशी बादलीच्या कडीवर दुसरा हात आला.

"तू नको, राम्या," पुंजाराम हळू आवाजात म्हणाला. "बरं दिसत न्हाई. बस तू. लोकं मला नावं ठेवतील."

त्यानं बादली काढून घेतली आणि रामप्रसादला कचरूमामांच्या शेजारी रिकाम्या पानावर बसवलं. मामांनी आनंदानं सरकून जागा केली. वरण, पुरी, बुंदी सगळं पानात पडलं. आग्रह करकरून वाढलं. रामप्रसाद जेवला. घास उतरत नव्हता असं काही नाही, स्वयंपाक चांगला होता.

जेवणं उरकल्यावर मानपान निघाला. वरपक्षाच्या जाणत्या माणसांना टॉवेल-टोपी करायची असते. नवरीचा बाप ओळीनं कपाळाला कुंकू लावत जातो आणि घरची माणसं टोप्यांची थप्पी धरून त्याच्या मागं चालतात. घरच्याला टोपी नसते, पाहुण्याला असते. पुंजारामच्या बहिणीच्या लग्नात ही थप्पी रामप्रसादनं धरली होती आणि ओळ संपेपर्यंत दोघं एकमेकांकडे बघून हसत होते.

ओळ सरकत आली तसा तो उठायला लागला. आपण बाजूला झालो की पुंज्याला अवघड होणार नाही, तो थप्पी आपल्या हातात देईल, असं त्याला वाटलं. मामांनी त्याचा कोट धरून खाली ओढला.

"बसा हो. मान घ्यावा लागतो."

पुंजाराम समोर येऊन उभा राहिला. दोघांची नजरानजर झाली. पुंजारामच्या डोळ्यांत पाणी होतं, पण लेकीच्या लग्नात बापाच्या डोळ्यांत ते असतंच. त्यानं मागं हात केला. थप्पीवरची टोपी घेतली, तिची घडी मोडली, रामप्रसादच्या कपाळाला कुंकू लावलं, खांद्यावर टॉवेल टाकला आणि टोपी दोन्ही हातांनी त्याच्या डोक्यावर ठेवली.

"पाव्हणे," तो म्हणाला, "काही कमी-जास्त झालं असंल, तर सांभाळून घ्या."

मागची माणसं पुढं सरकायला थांबली होती. रामप्रसादनं हात जोडले आणि पाहुण्यानं म्हणायचं असतं तेच तो म्हणाला.

"काहीच कमी पडलं नाही."