मिस्त्रींच्या गुडघ्यातली प्लेट

मित्रांनो, मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. शेजारच्या या रॉडचाही अजून बसलेला नाही. मी एक जुनी प्लेट आहे. जेवणाची नव्हे, मोडलेलं हाड बाहेरून आवळून धरणारी, पोलादी, भोकाभोकांची. काम झाल्यावर मला बाहेर काढलं. आता मी आणि रॉड डॉक्टरांच्या टेबलावर नमुने म्हणून मिरवतो.

कारखान्यात मला इतकं घासलं, की आरशाने लाजून तोंड फिरवलं. पुढे एक फरशीवाले मिस्त्री शिडीवरून पडले. मांडीचं हाड अगदी गुडघ्याजवळ मोडलं.

"रॉड टाकू," मोठे डॉक्टर म्हणाले. "छोटी चीर, हाडाच्या पोकळीतून सरळ आत. लवकर उभे राहतील."

"सर, पण तडा सांध्यात गेलाय," धाकट्या डॉक्टरबाई एक्स-रेवर बोट ठेवून म्हणाल्या. "हे बारके तुकडे रॉड धरणार नाही. प्लेट लावली तर चीर मोठी होईल, पाय टेकायला उशीर लागेल, पण तुकडे एका पातळीत बसतील."

"उभ्याने फरशी बसवणारा मिस्त्री बघितलाय का कुठं?" मिस्त्री कण्हत म्हणाले. "मला उकिडवं बसता आलं पाहिजे, नाहीतर धंदा बसला. सांधा असा लावा, की वरून नख फिरवलं तरी अडकायला नको!"

लागली माझी वर्णी! स्क्रूंनी मला घट्ट आवळलं. शुद्धीवर येताच मिस्त्रींनी, नवी बसवलेली फरशी ठोकतात तशी, बोटाच्या पेराने मांडी ठोकून पाहिली, आत पोकळ वाजतंय का म्हणून. मग उतावळेपणाने पलंगावरून पाय खाली सोडला.

"खबरदार!" त्यांची बायको कडाडली. "लोकांना सांगता ना, माल ओला आहे, फरशीवर पाय देऊ नका? मग स्वतःचा ठेवा मुकाट्याने वर!"

खरंच मित्रांनो, हाडाचं काम कितीही चोख असो, ते सुकू द्यावं लागतं. एवढं माझं ऐकाच. पण मी पडले बहाद्दर! पाय टेकायची परवानगी मिळाली त्याच दिवशी मिस्त्री थेट उकिडवे बसले आणि दवाखान्याची फुटकी फरशी बसवूनच उठले. व्यायाम नाही, कुरकुर नाही, सगळं माझ्या एकटीच्या जोरावर...

"थापाडे!" रॉड खणकन ओरडला. "मी इथंच होतो टेबलावर. शेजारच्या खोलीत कितीतरी महिने गुडघा वाकवताना बोंबलले ते मिस्त्री, आणि 'अजून थोडा, अजून थोडा' म्हणत घसा बसला तो त्यांच्या बायकोचा. तू तर आत नुसती पडून होतीस!"