थोडीशी गळती

"थोडीशी गळती राहिलीय. आपोआप बंद होईल," डॉक्टरीणबाई नळवाल्याला म्हणाल्या. हे वाक्य त्याच्या चांगल्याच ओळखीचं होतं. घाईत असला की तोही गिऱ्हाइकाला हेच सांगून हत्यारांची पिशवी उचलायचा.

पण हा काही नळ नव्हता, त्याची छकुली होती. तिच्या हृदयाला जन्मापासून भोक. मांडीतल्या शिरेतून बारीक नळी नेऊन त्या भोकावर तारेच्या जाळीचं बटण बसवलं होतं. "लघवी काळपट दिसली तर तडक घेऊन या," असं बजावून त्यांनी पोरीला घरी सोडलं.

घरी आल्यापासून बापाची पाचावर धारण बसली. छकुली संडासातून बाहेर आली की हा आत धावायचा, तर भांडं लख्ख! तिला ही शिस्त लावणारा तोच. नळवाल्याच्या घरात घाण दिसली तर लोक शेण घालतील तोंडात, हे त्याने तिला बाळपणापासून पढवलेलं.

"आज पाणी सोडू नकोस, बेटा. मला बघायचंय."

"शी! बाबा, काहीतरीच काय!"

"लाजते हो ती," बायको म्हणाली. "बरी खेळतेय की. उगीच ताक फुंकून पिऊ नका."

पण दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीचे डोळे त्याला पिवळट वाटले. त्याने गुपचूप फ्लशच्या टाकीचा कॉक बंद करून टाकी रिकामी केली. छकुलीने फ्लशचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं, आणि रडवेली होऊन बाहेर आली. "बाबा, पाणीच येत नाही!"

तो आत गेला. भांड्यात कोरा चहा ओतल्यासारखं दिसत होतं. त्याने पोरीला तशीच उचलली.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "बटणाच्या कडेच्या फटीतून रक्त जोरात तारेवर आपटतंय, त्यातल्या पेशी फुटून लघवीत उतरताहेत. आधी रक्त चढवू. तरी थांबलं नाही तर बटण काढावं लागेल. कधीपासून होतंय हे?"

त्याला कुठे ठाऊक! उत्तर छकुलीनेच दिलं.

"घरी गेल्यापासून. पण मी एकदासुद्धा घाण दिसू दिली नाही. हो ना, बाबा?" आणि शाबासकीसाठी तिने त्याच्याकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला, आणि तिचा गार पडलेला हात त्याने घट्ट धरून ठेवला.